अर्धा राहिलेला दचका

बाईंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. नाव त्यांना ठाऊक होतं, पहिल्याच दिवशी मी त्यांच्या वहीत लिहून दिलं होतं. पण त्यांच्याकडे येणारा माणूस अंगाच्या ज्या भागात अडकून पडलेला असे, त्याच भागाच्या नावानं तो तिथे ओळखला जाई. बँकेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम यायच्या, त्या 'मान'. पोलिसातले एक हवालदार होते, त्यांची उजवी मूठ पुरती उघडत नसे, ते 'मूठ'. आणि मी 'जबडा'.

"काल मूठ आली होती," त्या मला सांगत. "दोन बोटं उघडली तिची. तू काय करून राहिला गा, जबडा?"

मी काय करणार? दात आवळून बसलेलो असायचो. झोपेत इतके आवळायचो, की दोन दाढा उभ्या चिरल्या होत्या. बेसा चौकातल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांनी दुसरी दाढ काढताना सांगितलं, "काका, दाढा मी काढत राहीन. पण अशा बत्तीस होतील. तुम्ही एकदा त्या बाईंकडे जाऊन या." पत्ता त्यांनी माझ्या हातात न देता बायकोच्या हातात दिला. माणूस ओळखून होता.

हे लिहिताना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर बाईंचं कौतुक करता करता ती पुन्हा टाळीन. मी सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत होतो. माझ्या पाळीत छताचा एक तुकडा पडला आणि देवराव नावाच्या कामगाराचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीत ठरलं, की मनाई असताना तो स्वतःच्या मर्जीनं आत घुसला. तो घुसला नव्हता. हे जगात फक्त मला माहीत होतं. बाईंकडे गेलो तेव्हा या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती आणि मी ती बायकोलाही सांगितली नव्हती.

बाईंचं घर बेसाच्या पार शेवटच्या ले-आउटमध्ये होतं. त्यापुढे नुसते प्लॉट, सिमेंटचे खुंटे आणि तण. दारावर पाटी नव्हती. का, म्हणून मानेनं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पाटी लावली की कंबरदुखीवाले येतात. मंग त्याहीले शेक पाहिजे, मलम पाहिजे. मले नाही तो धंदा करायचा. तीस वर्षं केला."

तीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात हाडं मोडलेल्यांकडून व्यायाम करून घेतले होते. तिथे त्यांना एक कोडं पडलं. एक्स-रे म्हणे, हाड जुळलं. डॉक्टर म्हणत, पाय चालायला पाहिजे. आणि माणूस पाय टेकायला तयार नसे. "ढोंगी म्हणत त्याले. वॉर्डात सगळे ढोंगी म्हणत. मीही म्हटलं," त्या सांगत. "मंग एक दिवस माह्या लक्षात आलं, की हाड जुळलं, पण दचका तसाच आहे." निवृत्तीनंतर, लोक नातवंडं सांभाळतात त्या वयात, त्या पुण्याला जाऊन दोन वर्षं हे शिकून आल्या. तिथे त्याला मोठमोठी इंग्रजी नावं होती. प्रमाणपत्र कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभं होतं. बाईंकडे या सगळ्याला एकच शब्द होता, दचका.

"कुत्र्याले गाडीनं हूल देल्ली, तर ते काय करते?" त्या विचारत. "बाजूले जाते, खालपासून वरपर्यंत अंग झाडते, अन् लागते आपल्या वाटेले. माणूस काय करते? इकडंतिकडं पाहते, कोणी पाहिलं तर नाही ना. शर्ट सारखा करते अन् ड्युटीवर जाते. दचका अर्धाच राहते. मंग तो अर्धा दचका वीस वर्षं बिचारा वाट पाहते अंगात, की मले पूर्ण कोण करन."

त्यांची तपासायची रीत कोण्या पुस्तकात नसेल. हॉलमध्ये फक्त सतरंजी, एक जाड दोर आणि मोकळी भिंत. माणूस येऊन बसला, की त्या इकडच्यातिकडच्या गप्पा काढत. आत स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीचा कुकर लावलेला असे. पुष्कळ दिवस आम्हाला वाटलं, बाईंचा स्वयंपाक राहून गेला असेल. तर नाही. शिटी झाली की कोण किती उडतो, हे त्या पाहत. मान दुसऱ्या शिटीला उडायची, पहिलीला नाही. मूठ पहिलीच्याही आधी, वाफ फुसफुसली की. आणि मी?

"तू उडतच नाही गा," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. "तीन शिट्या झाल्या. तुही पापणी हालली नाही."

मला वाटलं, शाबासकी आहे. म्हटलं, "मी खाणीत होतो बाई. आवाजाची सवय आहे."

"सवय नाही ते. उडणारा माणूस बरा. तो जिता आहे म्हणून उडते. तू शिटी झाली की दम रोखून धरते. मेल्याचं सोंग घेते, झुरळासारखं." मग आत वळून, "वरण शिजलं. खाऊन जाशील."

पहिल्या दिवसाचा उपचार एवढाच. झुरळ आणि वरणभात. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "काही नाही."

तिथे काही गोष्टींना बंदी होती. 'शांत व्हा' हे दोन शब्द कोणी उच्चारायचे नाहीत. "शांत हो म्हणणाऱ्याइतकं अशांत कोणी नसते." 'सॉरी' म्हणायचं नाही. आपली कहाणी सांगायची नाही, निदान पहिले सहा महिने. मान हौसेनं सुरू करायची, "काय झालं होतं बाई, माझे मिस्टर..." की बाई हात वर करत. "मिस्टर राहू दे. पाय कुठी आहेत ते सांग." बिचारी पायांकडे पाही आणि म्हणे, "अंगाखाली, मुडपलेले." "सोड त्याहीले. मिस्टर येऊन त्याहीले चावून राहिले काय?" मानेला हसू येई आणि हसता हसता तिचे खांदे बोटभर खाली उतरत. मला ही बंदी फार सोयीची होती. न सांगताच बरं होता येतंय, तर यापरतं काय पाहिजे?

अंग कधी खोटं बोलत नाही, असं सुंदर वाक्य कोणी त्यांच्यासमोर टाकलं की त्या भडकत. "कोण म्हणते? अंग बहुत खोटं बोलते. तुमच्यापेक्षा जास्त. आज चहा जास्त झाला तरी छाती धडधडते अन् म्हणते, मरून राहिलो. त्याचं सगळं ऐकाचं नसते. त्याच्यासंग बसाचं असते."

आणि बसत त्या. दोन दोन महिने माझ्याबरोबर काही म्हणजे काही घडलं नाही. मी भिंत ढकलायचो, दोर ओढायचो, सतरंजीवर पडून गुडघे वर करून वाट पाहायचो. त्या शेजारी भाजी निवडत. कधी कंटाळल्या की सरळ माझ्या बाजूला जमिनीवर आडव्या होत आणि घोरत. कधी दारातच म्हणत, "आज तुह्यात काही होणार नाही, चेहऱ्यावर लिहिलं आहे. जा, वांगी घेऊन घरी जा." बसत मात्र कायम दाराकडे तोंड करून. त्यांच्या मागच्या बाजूनं कोणी गेलेलं त्यांना चालत नसे. मूठ एकदा चुकून मागून गेली, तर बाईंच्या हातातला चाकू गळून पडला. त्यांचा स्वतःचा काय दचका होता, हे कोणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पण आम्हाला शिकवणारी ही बाई कोण्या पलीकडच्या काठावरून हात देत नाहीये, ती आपल्याच पाण्यात उभी आहे, हे त्या दिवशी कळलं. मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटू लागला तो तेव्हापासून.

पुढचं घडलं ते गमतीतून घडलं. मी पालथा पडलो होतो. डॉक्टर वाजवून बघतात तशी बाई माझी पाठ बोटांनी वाजवून बघत होत्या. कमरेकडून वर. खांद्याच्या पात्याखाली आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ढप्प."

"काय म्हटलं?"

"काही नाही."

"म्हटलं तू. ढप्प म्हटलं."

मग सांगावं लागलं. जमिनीखाली छत काठीनं ठोकून पाहतात. कामगार आत जाण्याआधी ते ठोकून पाहणाऱ्याला खाणीत सरदार म्हणतात. छत चांगलं असेल तर टण्ण वाजतं. आतून सुटलेलं असेल तर ढप्प. मी सरदार होतो. डोळे मिटून फरक सांगायचो. दोन वाक्यांच्या वर मी बोललो, असं तिथे पहिल्यांदाच झालं.

बाई उठल्या, फरशी पुसायच्या पोछ्याचा दांडा घेऊन आल्या. "दाखव कसं ठोकते."

"इथे?"

"मंग कुठी, कन्हानच्या पुलावर?"

मी उभा राहिलो आणि त्यांच्या हॉलचं छत ठोकू लागलो. टण्ण. दोन पावलं. टण्ण. खाणीतल्यासारखी मान तिरकी करून, एक पाय मागे ठेवून. चौथ्या-पाचव्या ठोक्याला वरचा भाडेकरू धावत खाली आला. "बाई, काय चालू आहे? आमची पोरगी झोपली आहे!" बाई त्याला म्हणाल्या, "तुमचं घर मजबूत आहे काय ते पाहून राहिलो. मजबूत आहे. जा." तो गेला. त्या वळल्या तेव्हा मी तसाच उभा होतो आणि दांडा माझ्या हातात थडथडत होता.

"सोड दांडा. खाली बस. थांबवू नको. येऊ दे."

आधी हात, मग मांड्या, मग पोट. थंडी वाजावी तसं, पण थंडी नव्हती. पंधरा-वीस मिनिटं मी त्या सतरंजीवर पानासारखा हललो. भीती वाटत नव्हती, याचंच नवल वाटत होतं. बाई माझ्या पावलांवर हात ठेवून बसल्या होत्या आणि वरच्या भाडेकरूला हळू आवाजात शिव्या देत होत्या. त्या दिवशी मी घरी आलो आणि दुपारी तीन वाजता झोपलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. बायको दोनदा नाकापुढे हात धरून गेली म्हणे.

पण जबडा सुटेना. बाई म्हणाल्या, "हातपाय बोलले. हा नाही बोलत. याले काही करायचं होतं, ते राहिलं." आणि एका संध्याकाळी त्या मला घराच्या पुढच्या मोकळ्या प्लॉटांत घेऊन गेल्या. तिथे एका घराच्या पायाचं खोदकाम चाललं होतं. मजूर निघून गेले होते. मला एका खुंट्याशी उभं केलं, स्वतः पाठ फिरवली, डोळे मिटले आणि खोदलेल्या खड्ड्याच्या दिशेनं चालू लागल्या. "तू थांब म्हणशील तवा थांबीन," एवढंच बोलल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, पायात चप्पल नाही.

वीस पावलं असतील. मी तोंड उघडलं. आवाज नाही. त्या चालतच होत्या. दहा पावलं. माझे दोन्ही जबडे कोणी बाहेरून दाबून धरल्यासारखे. पाच. आणि मग माझ्यातून जे ओरडणं निघालं, त्यानं शेजारच्या प्लॉटवरची कुत्री भुंकत उठली. पण मी 'थांबा' म्हणालो नव्हतो. 'बाई' म्हणालो नव्हतो. मी ओरडलो होतो, "देवराव, मागं ये!"

बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. मी पळत गेलो. खड्डा गुडघाभर होता आणि त्यात वाळू टाकलेली होती.

"सकाळीच पाहून गेली होती," त्या म्हणाल्या. "मी काय येडी आहे? बस इथं. आता सांग, कोण देवराव?"

विटांच्या थप्पीवर बसून मी सांगितलं. आमच्या खाणीत एक वाईट रीत पडली होती. छत ठोकून मग वर येऊन रजिस्टर भरायचं, हा नियम. आम्ही रजिस्टर आधी भरायचो, वर चहा पिताना, बसल्या बसल्या. 'छत तपासले, ठीक.' मग खाली जाऊन ठोकायचो. ठोकायचोच. पण रोज टण्ण वाजणाऱ्या छताचा माणसाला गर्व होतो. त्या दिवशी सकाळच्या पाळीला साहेब येणार होते, घाई होती, मी डावीकडचं टोक ठोकलंच नाही. तिथे एक साखळी पडून राहिली होती. मी देवरावला म्हटलं, "जा, तेवढी साखळी घेऊन ये." तो गेला. वरून बारीक माती झरली. मला ती दिसली. ओरडायला तोंड उघडलं, आणि त्या एका श्वासात माझ्या मनात काय आलं असेल? 'मी ओरडलो, तर मी हे टोक ठोकलं नव्हतं असं होईल.' बस एवढंच. तोंड मिटलं.

त्याला वर आणून दवाखान्यात नेत होते, तेव्हा मी ऑफिसात एकटा होतो. रजिस्टरमध्ये माझ्या सहीच्या वर एका ओळीची जागा मोकळी होती. तिथे मी लिहिलं, 'डावीकडील टोकास जाण्यास मनाई केली आहे.' अक्षर सरळ आलं. हात कापला नाही.

देवरावला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. दगड पडण्याआधीचंही नाही. दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर त्यानं मलाच विचारलं, "सरदार, मी काहून गेलो गा तिथं?" मी त्याच्या चादरीची घडी सारखी केली.

बाईंनी हे सगळं मधे न बोलता ऐकलं. अंधारून आलं होतं. मी म्हटलं, "बाई, हेही काढा ना." आज हे वाक्य आठवलं की मला लाज वाटते. दाढ काढा म्हणावं, तसं म्हणालो मी.

"हे माह्यानं निघत नाही," त्या म्हणाल्या. "दचका तुह्या अंगातला होता. तो निघाला. हे तुह्या अंगात नाही. हे तुह्या अन् देवरावच्या मधात आहे. तिथं मी काय हात लावू?"

"त्याला सांगू? आता? इतक्या वर्षांनी?"

"मी सांग म्हटलं नाही. मी म्हटलं, इथं नाही ते."

माणूस किती लबाड असतो पाहा. मी त्यानंतर बरा झालो. झोप लागू लागली, दाढा दुखेनात, बायको म्हणाली चेहरा बदलला. आणि बरं वाटणं हीच माझी पुढची लबाडी झाली. आठ महिने मी दर गुरुवारी बाईंकडे जात राहिलो, भिंत ढकलत राहिलो, मानेशी गप्पा मारत राहिलो. सावनेरची बस मात्र धरली नाही. मनात म्हणायचो, अजून थोडी तयारी होऊ दे. शेवटी बाईंनी एका गुरुवारी मला दारातच थांबवलं.

"तुह्या जबड्याले काही झालं नाही आता. येऊ नको."

"पण मला अजून बरं नाही वाटत, बाई."

"वाटायलेच नाही पाहिजे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. पण लावलं.

आयुष्यात माझ्यावर पुष्कळांनी दया केली. दार लावणारी ती एकटी. सर्वात जास्त उपकार तिचे.

देवराव सावनेरपासून दोन कोसांवरच्या आपल्या गावात पिठाची चक्की चालवतो. मी गेलो तेव्हा तो जाळीच्या स्टुलावर बसला होता, भुवया पांढऱ्या झालेल्या. वयानं की पिठानं, कळेना. मला पाहून उठायला लागला. "या या सरदार! बहुत दिवसांनी!" चहा सांगितला. मी चहा येण्याच्या आधीच सांगितलं, कारण चहा पिऊन झाल्यावर मी सांगितलं नसतं. ठोकलं नव्हतं. मी पाठवलं होतं. ओळ मी नंतर लिहिली.

तो म्हणाला, "मी नव्हतो घुसलो?"

"नाही. तू नव्हतास घुसलास. मी पाठवलं होतं."

"पंधरा वर्षं झाली सरदार, मी रोज इचार करून राहिलो, की मी काहून गेलो असन. लहानपणापासून सगळे म्हणतच होते मले, हा कोणाचं ऐकत नाही. मी म्हटलं, बरोबरच म्हणत असन. मलेच मी येडा वाटे." त्यानं हातानं तोंड पुसलं आणि पीठ आणखी पसरलं. मला वाटलं, आता मारेल. मारावं, असंही वाटलं. तो उठला, कुबडी घेतली, आतल्या दाराशी जाऊन बायकोला हाक मारली, "इकडं ये वं!" ती चहा घेऊनच आली, कप माझ्यासमोर ठेवून पदराला हात पुसले. तो माझ्याकडे वळला.

"आता पुन्हा सांगा. हिच्यासमोर."

मी पुन्हा सांगितलं. एकदा सांगणं कठीण असतं, असं लोक म्हणतात. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण. पहिल्यांदा माणूस स्वतःसाठी सांगतो. त्याच्या बायकोनं माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि आत घेऊन गेली. मी कपाला तोंडही लावलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी येजा," देवराव म्हणाला. "मोठा भाऊ येऊन राहिला चंद्रपूरहून. त्याच्यासमोर सांगा."

मी बाईंना हे सांगायला गेलो, येऊ नको म्हटलं असतानाही. त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं. त्या अमरावतीला भाचीकडे चालल्या होत्या. हात कापायला लागले होते त्यांचे, कप बशीत वाजायचा. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं त्या दुखण्याचं, जाणारं नव्हतं. "पाहा," हात पुढे धरून त्या म्हणाल्या, "जिंदगीभर लोकांले म्हटलं, कापू दे, थांबवू नको. आता माह्यं थांबतच नाही. फुकट उपचार." आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या.

मी सावनेरचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "तो काय म्हणाला?"

"पुन्हा सांग म्हणाला. बायकोसमोर. आता भावासमोर."

"हुशार आहे," बाई म्हणाल्या. "मले नसतं सुचलं हे." मला त्यांचे आभार मानायचे होते, घरून वाक्य ठरवून आलो होतो. ते निघेना. त्यांनी पोछ्याचा दांडा टेम्पोवाल्याच्या हातून काढून माझ्या हातात दिला. "हा ने. वरचा भाडेकरू खूश होईन." मी टेम्पो वळेपर्यंत दांडा घेऊन रस्त्यात उभा होतो. आभार मानायचे राहिले. ते इथे मानतो आहे.

त्यानंतर मी भावासमोर सांगितलं. त्यानं शर्टाला धरलं, देवरावनं सोडवलं. त्याच्या सासऱ्यासमोर सांगितलं. त्याच पाळीतल्या दोघा जणांसमोर सांगितलं, त्यांनी खाली पाहिलं. ऑफिसातही लेखी दिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल, त्याबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. देवरावनं मला माफ केलं का? त्यानं तसं म्हटलं नाही, मी विचारलं नाही. फक्त दर वेळी मी निघताना तो पुढचं नाव सांगतो.

गेल्या महिन्यात त्याची आई होती. थकली आहे, ऐकू कमी येतं. खाटेवर बसवून तिच्या कानाशी मला सांगावं लागलं, मोठ्यानं, एकेक वाक्य. झाल्यावर ती लेकाकडे वळली.

"म्हंजे म्या तुले इतकी वर्षं उगाच बोलली?"

"बोलली," देवराव म्हणाला.

"पाय गेला त्या दिवशीही बोलली. दवाखान्यात."

"हो माय."

तिनं त्याचा हात धरला नाही, रडली नाही. मग माझ्या दिशेनं बोट केलं. "हे तू मले एकलीले काहून सांगते? मी एकली काय करू खरं घेऊन? गावाले सांग. गावानं पण बोललं ना माह्या पोराले."

मी देवरावकडे पाहिलं.

गेल्या रविवारी मी गेलो. रविवारी चक्कीवर गर्दी असते, आठवड्याचं दळण. पंधरा-वीस माणसं, डबे, पिशव्या, पायरीवर गप्पा. ज्यांनी देवरावला वर्षानुवर्षं 'घुसखोर' म्हणून चिडवलं, तेही त्यात होते. मी कोपऱ्यात उभा राहिलो. देवरावनं मला पाहिलं, हातातलं दळण पुरतं केलं, कुबडीवर उठला आणि खटका खाली ओढला. पट्टा गरगरत हळू झाला. एकाएकी इतकी शांतता झाली की लोक दचकून वळले.

"अबे, बंद काहून केली गा?" कोणीतरी ओरडलं. "माहे गहू राहिले न!"

"पाच मिनिटं," देवराव म्हणाला. "सरदारले बोलाचं हाय."